जुना सर्व्हर बंद करायचा आहे

माझा नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत. लेकीची दहावी होईपर्यंत त्याने बदली कशीबशी टाळत आणली होती. दहावीचा निकाल लागला आणि पाठोपाठ पुण्याची ऑर्डर आली. आमची दोघांचीही माणसं पुण्यातच, त्यामुळे आर. के. पुरमच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. नाखूश होती ती फक्त लेक. तिचं सगळं आयुष्य दिल्लीत गेलेलं, भांडायचं झालं की तिच्या तोंडी आपोआप हिंदी येई. बारावीनंतर ती शिकायला कुठेतरी बाहेर जाणार हे नक्की होतं. म्हणजे घरात राहायची तिची दोनच वर्षं उरली होती, आणि ती तिला नवख्या गावात काढायची होती.

माझ्या कंपनीचं ऑफिस पुण्यातही आहे. मी गुडगावच्या ऑफिसात बॉसकडे बदली मागितली. तो म्हणाला, "बिल्कुल मिलेगा. बस ये प्रोजेक्ट क्लोज़ हो जाए. दिवाली तक हो जाएगा ना?" मी म्हटलं, होईल. घरी येऊन लेकीला सांगितलं की दिवाळीला मी सामानसुमान घेऊन कायमची येते. बापलेक जूनमध्ये पुढे गेले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि मी गुडगावात एका पीजीत खोली घेतली, जिथे सकाळ-संध्याकाळ राजमा असायचा आणि राजमा नसेल तेव्हा छोले.

प्रोजेक्ट काय होता ते सांगते. आमचा क्लायंट म्हणजे पंखे, गीझर, मिक्सर विकणारी एक मोठी कंपनी. त्यांचा सगळा कारभार एकाच जुन्या प्रोग्रॅमवर चालायचा. ऑर्डर घेणं, गोदामात माल किती आहे ते बघणं, बिल काढणं, मिक्सर बंद पडल्याची तक्रार नोंदवणं, सगळं त्या एकाच्याच डोक्यावर. आणि तो बसला होता कस्तुरबा गांधी मार्गावरच्या त्यांच्या जुन्या ऑफिसच्या तळघरात, एका म्हाताऱ्या सर्व्हरवर. एकच बाई खानावळ चालवत असते, बाजार तीच करते, पोळ्या तीच लाटते, डबे तीच भरते, तसा प्रकार. बाई आजारी पडली की सगळे उपाशी. आम्हाला तिच्या जागी चौघीजणी नेमायच्या होत्या. प्रत्येकीला एकच काम, आणि दुसरीकडून काही हवं असेल तर ते ठरलेल्या पद्धतीनेच मागायचं. या चौघींना आमच्या धंद्यात सर्व्हिस म्हणतात. त्या तळघरात बसत नाहीत, क्लाउडवर बसतात, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी मशीनवर. गर्दी वाढली की जास्त मशीन घ्यायची, ओसरली की परत द्यायची. कल्पना चांगली आहे. मी आजही तिच्या बाजूने भांडेन.

कोणी कोणतं काम करायचं आणि कुणाकडून काय मागायचं हे ठरवणारी मी. त्याला आर्किटेक्ट म्हणतात. आर. के. पुरममधल्या शेजारणी मला बरीच वर्षं स्वयंपाकघराच्या ओट्याबद्दल सल्ला विचारत होत्या.

दिवाळीच्या आधीच चारही सर्व्हिस सुरू झाल्या. केक कापला, फोटो काढले, क्लायंटच्या साहेबांनी भाषण केलं. आता एकच काम राहिलं होतं. जुना सर्व्हर बंद करणं. तो बंद झाल्याशिवाय प्रोजेक्ट कागदोपत्री संपत नव्हता, आणि प्रोजेक्ट संपल्याशिवाय मला सोडत नव्हते. मला वाटलं, अर्ध्या दिवसाचं काम. मी विमानाची तिकिटंसुद्धा बघायला लागले होते, इतकी मी भाबडी.

सर्व्हर बंद करायला चारही सर्व्हिसच्या टीमप्रमुखांची संमती लागते. मी मीटिंग बोलावली. पहिला म्हणाला, "मेरी तरफ़ से नो ऑब्जेक्शन." दुसरा म्हणाला, "मेरी तरफ़ से भी." तिसरा आणि चौथा तेच म्हणाले. मी आनंदाने चौघांना मेल टाकला की कृपया 'मंजूर' एवढंच लिहून पाठवा. एकाचंही उत्तर आलं नाही. दिल्लीत इतकी वर्षं काढूनही मला या वाक्याचा अर्थ कळला नव्हता. 'माझी हरकत नाही' म्हणजे तुम्ही करा, मी बघतो, उद्या काही झालं तर मी तिथे नव्हतो. त्या वाक्याखाली सही करायला कोणी कधी तयार होत नाही.

मग दर आठवड्याला मीटिंग. विषय एकच, जुना सर्व्हर. चौघांपैकी एक तरी दर वेळी रजेवर. कधी क्लायंटचे साहेब विचारणार, "अगर कोई अभी भी यूज़ कर रहा हो तो?" आणि सगळे गंभीर होऊन माना डोलावणार. कोण वापरतंय, असं मी विचारलं की उत्तर मिळे, पता नहीं, पर कोई कर रहा हो तो. दिवाळी गेली. मी चार दिवसांची रजा काढून फराळाला जाऊन आले, छोटी बॅग घेऊन. लेकीने ती बॅग दारातच पाहिली.

त्या वर्षी ती रोज संध्याकाळी फोन करून माझ्याशी भांडायची. "मम्मा, इथे सगळे मला हिंदीवाली म्हणतात." "मम्मा, बाबा रोज खिचडी करतात यार, मी पेशंट आहे का?" आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "तू दिवाळी म्हणाली होतीस. तू झूठ बोललीस." मी समजावायची की सर्व्हर बंद होत नाहीये. ती विचारायची, "मग कर ना बंद. बटण नाहीये का त्याला?" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फोन ठेवल्यावर मला रडू यायचं आणि त्याहून जास्त राग यायचा, कारण माझं अख्खं घर एका मशीनवर अडकलं होतं आणि त्या मशीनची कुणालाच गरज नव्हती.

गरज नव्हती हे सिद्ध करायचं मी ठरवलं. जुन्या सर्व्हरकडे कोण काय मागायला येतं याची नोंद तो स्वतःच ठेवत असतो. ती मी उघडून बसले आणि थक्क झाले. तो दिवसभर कामात होता. सारखं कोणीतरी येऊन काहीतरी विचारत होतं. साहेबांचं खरं निघालं की काय, असं वाटलं. मग एकेक मागणी कुठून येते ते शोधत गेले. ऑर्डरची सर्व्हिस, गोदामाची सर्व्हिस, बिलांची सर्व्हिस, तक्रारींची सर्व्हिस. आमच्याच चौघीजणी. आपलं उत्तर बरोबर आहे ना, हे त्या गुपचूप जुन्याला विचारून पडताळून बघत होत्या. सुरुवातीच्या दिवसांत खबरदारी म्हणून ही पडताळणी घातली होती आणि ती काढून टाकायची राहून गेली होती. बाहेरचा एकही माणूस त्या सर्व्हरकडे फिरकत नव्हता.

मी विजयी मुद्रेने मीटिंगला गेले. म्हटलं, हे बघा, तुमच्याशिवाय कोणी नाही, तुम्ही पडताळणी थांबवा की झालं. बिलांचा प्रमुख म्हणाला, "मैं तो आज निकाल दूँ, पर गोदामवाले अभी तक चेक कर रहे हैं, तो कुछ तो बात होगी." गोदामाचा प्रमुख म्हणाला, "हम तो इसलिए कर रहे हैं क्योंकि बिलिंगवाले कर रहे हैं." उरलेले दोघे म्हणाले की हे दोघं थांबले की आम्ही थांबू. मी टेबलावर डोकं आपटायची तेवढी राहिले. क्लायंटचे साहेब म्हणाले की चर्चा फार चांगली झाली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. अकरावीची परीक्षा होऊन गेली. लेक बारावीत गेली.

पावसाळ्यात मी बॉसला गाठलं. त्याच्या केबिनचं दार लावून घेतलं आणि म्हटलं, माझी मुलगी बारावीत आहे, पुढच्या वर्षी ती जाणार, मला हे वर्ष हवंय. तो माणूस वाईट नाही. तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "तो बंद करके देख लो ना, कौन चिल्लाता है. कोई चिल्लाया तो चालू कर देंगे. बस मुझे मेल मत डालना." ही आमच्या धंद्यातली मान्यताप्राप्त रीत आहे. काही बंद करायचं असेल आणि कोणाला धड माहिती नसेल तर बंद करून ओरड होते का ते ऐकायचं. फक्त ती रीत लेखी परवानगीने पाळायची असते. मला ते माहीत होतं. तरी मी त्याच दुपारी माझ्या जागेवर बसून सर्व्हर बंद केला. बापलेकीला फोनवर काही बोलले नाही, पण त्या संध्याकाळी पीजीतला राजमा मला चक्क आवडला.

कोणी ओरडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्या आठवड्यातही नाही. पंखे विकले जात होते, बिलं निघत होती, मिक्सर बंद पडत होते आणि त्यांच्या तक्रारी नीट नोंदल्या जात होत्या. दर आठवड्याची मीटिंगही चालूच होती. त्यात जुना सर्व्हर बंद केला तर काय काय धोके आहेत यावर सगळे तावातावाने बोलायचे आणि मी मान खाली घालून ऐकायची. हसू आवरायला मला सारखं पाणी प्यावं लागे.

असे तीनेक आठवडे गेले. मग एका मीटिंगमध्ये क्लायंटच्या साहेबांनी पडताळणीचा अहवाल पडद्यावर लावला. नव्या आणि जुन्याच्या उत्तरांत दर आठवड्याला थोडेफार फरक निघत असत, म्हणून अहवालात कुठे कुठे लाल रंग असायचा. आता तो संपूर्ण हिरवा होता. साहेब खूश झाले. म्हणाले, "देखिए, पहली बार ज़ीरो मिसमैच. इसीलिए मैं कहता हूँ कि ये चेकिंग कम से कम एक साल और चलनी चाहिए." चौघांनीही माना डोलावल्या. झालं होतं असं की पडताळणीचा प्रोग्रॅम लिहिताना कुणीतरी सोय करून ठेवली होती. जुन्याकडून उत्तर आलं नाही तर 'फरक नाही' असं धरून पुढे जायचं. जुना बंदच असल्यामुळे एकाचंही उत्तर येत नव्हतं, आणि म्हणून सगळं हिरवंगार होतं.

एक साल और. ते शब्द ऐकले आणि माझा ताबा सुटला. मी म्हटलं, "सर, वो सर्वर बंद है. तीन हफ़्ते से बंद है. किसी को पता नहीं चला. यही तो मैं इतने महीनों से कह रही हूँ."

 मला खरंच वाटलं की आता कोणीतरी हसेल, टाळी देईल, म्हणेल की चला, सुटलो एकदाचे. साहेबांनी विचारलं, "किसकी अप्रूवल से?" मी बॉसकडे पाहिलं. तो आपल्या लॅपटॉपकडे बघत म्हणाला, "मेरे पास तो कोई मेल नहीं आया." तो खोटं बोलला नाही. मेल आला नव्हताच.

तो एक इन्सिडेंट ठरला. मोठा बिघाड झाला की त्याला हा शब्द वापरतात आणि मग कारणांची चौकशी होते. इथे बिघाड झालेला नव्हता, तरी चौकशी झाली. काय बंद पडलं या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर 'काही नाही' असं होतं, आणि त्यामुळे प्रकरण उलट जास्तच गंभीर झालं. काही झालं असतं तर, या एका वाक्यावर दोन बैठका झाल्या. शेवटी साहेबांनी निकाल दिला. "पहले चालू कीजिए. फिर प्रॉपर अप्रूवल लीजिए. फिर बंद कीजिए." आणि सणासुदीची विक्री सुरू होणार म्हणून त्या काळात कुठलाही बदल करायला बंदी, तेव्हा अप्रूवलचा विचार दिवाळीनंतर. दुसरी दिवाळी.

सर्व्हर बसल्या जागेवरून बंद करता येतो, पण हा म्हातारा चालू करायला कोणीतरी जाऊन बटण दाबावं लागतं. ते कोणीतरी मीच असावं असं सर्वानुमते ठरलं. मी मेट्रोने जनपथला उतरले आणि चालत कस्तुरबा गांधी मार्गावर गेले. तळघरात एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं. मी बटण दाबलं. दिवे लागले, पंखा घरघरला, आणि पाच मिनिटांत आमच्या चौघीजणी प्रश्न विचारायला हजर. मला त्या लोखंडी खोक्याला लाथ घालावीशी वाटली. सोबत आलेला सिक्युरिटी गार्ड बघत होता म्हणून घातली नाही.

बाहेर येऊन फुटपाथवर उभी राहिले आणि लेकीला फोन लावला. या दिवाळीलाही जमत नाही, हे तिला मीच सांगायला हवं होतं. सांगितलं. तिच्या शिव्या खायची मी तयारी ठेवली होती. झूठ बोललीस म्हणेल, फोन आपटेल, बाबाकडे देईल.

"चालेल मम्मा," ती म्हणाली. "डोन्ट वरी. तू टेन्शन नको घेऊ. आमचं इथे नीट चाललंय."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"नाही गं. आता सवय झाली. तू जेवलीस का?"

ती माझी समजूत घालत होती. लांबच्या मावशीशी बोलावं तशी, गोड आवाजात. रोजचा फोन कधी एक दिवसाआड झाला आणि कधी रविवारवर आला, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी त्याला समजूतदारपणा म्हणत होते आणि मनात सुखावत होते. मी बसस्टॉपच्या लोखंडी बाकावर बसले आणि रडले. दिल्लीत रस्त्यावर रडणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही, ही एक त्या शहराची चांगली गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. बॉस म्हणाला, "यार, इतनी सी बात पे?" मी म्हटलं, हो, इतक्याशाच गोष्टीवर. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा. तो कमी करा म्हटलं तर म्हणे शक्य नाही, तुमच्याशिवाय प्रोजेक्ट अडेल. आणि त्या तीन महिन्यांत मला कोणी काडीचंही काम दिलं नाही. मीटिंगचं बोलावणंसुद्धा बंद झालं. मी कॅन्टीनमध्ये बसून चहा प्यायची आणि स्वतःवर चिडायची की हे मला आधीच्या दिवाळीला का सुचलं नाही. निघायच्या दिवशी बिलांच्या प्रमुखाने मला लिफ्टपाशी गाठून सांगितलं की सर्व्हरच्या बाबतीत माझंच बरोबर होतं. मी म्हटलं, हे मेलवर लिहून पाठव. तो मनापासून हसला.

डिसेंबरच्या शेवटी मी पुण्याच्या घरी पोचले, यावेळी सामानसुमान घेऊन. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत. लेकीने मला मिठी मारली, माझी मोठी बॅग उचलून आत नेली आणि विचारलं, "पाणी देऊ?" सकाळी ती अभ्यासिकेत जाई ती रात्रीच्या जेवणालाच परत येई. मी डबा करून दिला की म्हणे, "थँक्यू मम्मा." ताट वाढलं की थँक्यू. स्वतःचे कपडे तीच वाळत घाले, गजर लावून तीच उठे, बाबाला दुधाची आठवणही तीच करे. नवरा कौतुकाने म्हणाला, "बघ, किती जबाबदार झालीये." मला त्या थँक्यूचा इतका राग येई की डबा हातातून हिसकावून घ्यावासा वाटे. आईला कोणी थँक्यू म्हणतं का?

आठ-दहा दिवस असे पाहुणचारात गेले. मग एका दुपारी मी तिच्या खोलीत गेले. टेबलावर वह्या, चिठ्ठ्या, अर्धवट सोडवलेले पेपर, सुकलेली पेनं, चॉकलेटचे कागद यांचा ढीग होता. मी बसले आणि लावायला घेतलं. फिजिक्स एका बाजूला, केमिस्ट्री दुसऱ्या बाजूला, गणिताला वेगळा खण, प्रत्येकावर चिठ्ठी. जुन्या वाटल्या त्या चिठ्ठ्या टाकून दिल्या. टेबल आरशासारखं झालं.

रात्री ती आली, हातपाय धुऊन खोलीत गेली, आणि तिथूनच तिचा आवाज आला.

"मम्मा, माझ्या टेबलाला कोणी हात लावला? पागल आहेस का तू? ते सगळं मला पाठ होतं, कुठे काय आहे ते. माझ्या शॉर्ट नोट्स कुठे आहेत? तुला कोणी सांगितलं होतं? तुला ना काही समजतच नाही यार, आल्याआल्या सुरू."

नवरा हातातलं वर्तमानपत्र टाकून उठला. म्हणाला, "अगं, ओरडतेस काय, आई आहे ती." मी त्याला हाताने खाली बसवलं. ती हिंदीवर घसरली होती, आणखी बरंच काय काय बोलत होती, आणि मी दारात उभी राहून ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर मी कचऱ्याची पिशवी आणली, जमिनीवर उपडी केली, आणि आम्ही दोघी तिथेच फरशीवर बसून तिच्या चिठ्ठ्या शोधायला लागलो. ती अजून भांडतच होती.